चार वीर आणि एक गुडघा

माझी धाकटी बहीण नववीत असताना दूध संघाच्या गेटसमोर सायकलवरून पडली. सायकलला काही झालं नाही. बहिणीच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हा आम्ही संगमनेरला राहत होतो. वडील दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर कापलं तेव्हा आतून पडवळासारखा एक पाय निघाला आणि तो वाकेना.

डॉक्टर म्हणाले, "रोज दोनशे वेळा वाकवायचा. दुखेल. दुखलं तरी वाकवायचा. दिवाळीपर्यंत नव्वद अंशांच्या पुढे गेला तर ठीक. नाही गेला तर भूल देऊन मी वाकवीन."

"तुम्ही कसा वाकवाल?" बहिणीने विचारलं.

"जोर लावून."

त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं. ऊस मोडतात तसं.

भुलीइतकीच तिला दुसऱ्या एका गोष्टीची धास्ती होती. आमच्या संडासात उकिडवं बसावं लागे. तिला ते जमणार नाही म्हणून वडिलांनी एका प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध मोठं भोक पाडून ती तिथे ठेवली होती. काम चांगलं झालं होतं, कडा कानशीने घासून घेतल्या होत्या. बहीण त्या खुर्चीचं नाव काढत नसे. मैत्रिणी भेटायला येणार असल्या की आधी मला संडासाला कडी लावायला सांगे. पाय वाकला नाही तर ही खुर्ची जन्मभर आपल्याबरोबर येणार, सासरीसुद्धा, असा तिचा हिशेब होता. हिशेबात चूक काढता येत नव्हती.

तरी ती व्यायाम करीना. वीस वेळा वाकवून रडायची आणि थांबायची. मी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन दर रविवारी गुडघा मोजत असे आणि आकडा कॅलेंडरवर लिहीत असे. पहिल्या रविवारी पस्तीस. दुसऱ्या रविवारी पस्तीस.

तेवढ्यात मुंबईहून मामा भेटायला आला. तो गोदीत नोकरीला होता. येताना त्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, सोबत एकच कॅसेट. तेव्हा ज्यांच्या घरी गेम असे त्यांच्याकडे मोटारी पळवायच्या नाहीतर विमानं पाडायची. आमच्या कॅसेटमध्ये चार बुटकी माणसं गवतात उभी होती आणि काहीच करत नव्हती. बटण दाबलं की चालत. गावात गेलं की लोक त्यांच्याशी जपानीत बोलत. कॅसेटवरचं आम्हाला वाचता येण्यासारखं एकच अक्षर होतं, ते म्हणजे तीनचा आकडा. अशा खेळांची जपानमध्ये मोठी मालिका निघते, दर भागात नवा मुलूख आणि नवे वीर असतात, हे मला फार वर्षांनी कळलं. पहिल्या दोन भागांत काय झालं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यात काय चाललंय हेही नव्हतं.

बहिणीने दोन दिवसांत चौघांना कामं वाटून दिली. तलवार घेऊन पुढे चालणारा तो फौजदार. मोठी टोपी घालून बोटांतून वीज काढणारा वायरमन. डगला घातलेली बाई इतरांच्या जखमा बऱ्या करी, ती कंपाउंडरबाई. चौथ्याच्या हातात चाकू होता आणि तो नुसता पळे, तो पोस्टमन. जपानी अक्षरं ती वाचत नव्हती, ओळखत होती. वरून दुसरी ओळ म्हणजे औषध, चौथी ओळ म्हणजे पळ काढणे, असं सगळं तिने वहीत उतरवून ठेवलं.

मी दोन दिवस बघत होते. माळावर चार पावलं चाललं की पडदा चमके आणि जनावरं पुढ्यात उभी राहत. लढाई झाली की आणखी चार पावलं, की पुन्हा जनावरं. दिवसाला वीस-बावीस लढाया सहज होत. तिसऱ्या दिवशी मी गेमची वायर काढून हातात घेतली.

"एका लढाईला दहा वेळा गुडघा. आधी गुडघा, मग पुढची लढाई."

"हे कुणी ठरवलं?"

"मी."

"तू कोण ठरवणार, ताई?"

"वायर माझ्याकडं हाय."

ती थोडा वेळ मला नको ते बोलली. मग खाटेच्या कडेला सरकून तिने पाय खाली सोडला आणि दातओठ खात दहा मोजले. लढायांनी चौघं वीर हळूहळू बळकट होत, तसा त्यांच्या नावापुढचा आकडा वाढे. फौजदार नवावरून दहावर गेला की तिला आनंद व्हायचा. कॅलेंडरवर पस्तीसाचे पंचेचाळीस झाले, मग अठ्ठावन्न, मग सत्तर. त्याबद्दल तिला विशेष काही वाटत नव्हतं.

मग कपाटाचं प्रकरण झालं.

आई संध्याकाळी टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसे. एकदा टीव्हीतून टुणटुण असा आनंदी आवाज आला म्हणून तिने मान वळवली.

"काय झालं?"

"औषध सापडलं," बहीण म्हणाली.

"कुठं?"

"ह्या घरात. कपाटात."

"घर कुणाचं?"

"असंल कुणाचं तरी. ती बाई उभी हाय ना, तिचं."

"तिला विचारलं?"

"आई, तिला कसं विचारणार? ती जपानी हाय."

आईने मेथी खाली ठेवली. आम्ही बौद्ध. घरात रोज संध्याकाळी वंदना होई, पाचही शीलं मोठ्याने म्हटली जात, आणि दुसरं शील दिल्याशिवाय कुणाची वस्तू न घेण्याचं आहे. आईच्या लेखी ते फक्त म्हणण्यापुरतं नव्हतं. शाळेतला खडू चुकून पर्समध्ये आला तर दुसऱ्या दिवशी ती तो परत नेई.

"ह्या घरात कुणी दुसऱ्याच्या कपाटात हात घालणार न्हाई," ती म्हणाली. "औषध पाहिजे तर त्या गावात दुकान हाय, तिथून घ्या."

"आणि जनावरं मारलेली चालतात?" बहिणीने विचारलं. तिलाही शीलं पाठ होती, आणि पहिलं तर हत्येबद्दलच आहे.

"ती अंगावर येतात. कपाट अंगावर आलं का?"

वडील दारात बूट काढत होते. ते हसले आणि लगेच गंभीर झाले.

तेव्हापासून आमचे वीर लोकांच्या घरी जात, बोलत आणि हात न लावता बाहेर येत. असे वीर त्या खेळाने पूर्वी पाहिले नसावेत. दोन आठवड्यांत ते अडकले. उत्तरेला एक मोठं फाटक होतं, त्यापुढे दोन पहारेकरी. जवळ गेलं की ते एक वाक्य बोलत आणि आम्ही परत फिरत असू. पूर्वेला समुद्र, दक्षिणेला डोंगर. माळावरची जनावरं आता एका फटक्यात मरत. पोस्टमन एकटाच सगळी संपवी. बहीण कंटाळली. दिवसाला चार लढाया, चाळीस वेळा गुडघा, की पालथी पडून मासिकं वाची.

तीन रविवार सत्तर आले. तिसऱ्या वेळी तिने माझ्या हातातून कोनमापक घेतला आणि स्वतः मोजलं. सत्तर.

"हा खराब हाय."

मी तो वहीच्या कोपऱ्यावर लावून दाखवला. नव्वद, बरोबर.

मग तिने कोनमापक मला परत दिला आणि विचारलं, "भूल दिल्यावर काही कळतं का गं?"

"न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर कळतं."

दिवाळीला पाच आठवडे होते. मी आईकडे गेले. ती चाचणीचे पेपर तपासत होती. मी सांगितलं की पश्चिमेच्या गावात एका म्हाताऱ्याच्या घरी पेटी आहे, सगळ्या गावांत सगळ्यांशी बोलून झालंय, फाटक उघडायचं जे काही असेल ते त्या पेटीतच असणार.

"न्हाई."

"खेळ हाय तो, आई."

"म्हणून तर. सवय खेळातच लागते."

"तिचा पाय थांबलाय."

"दिसतंय मला. कॅलेंडर भिंतीवरच हाय."

वडील आतून ओरडले, "माझ्याकडं बघू नका. बाईंना विचारा."

"तुमच्याकडं कोण बघतंय?" आई म्हणाली. तिने आणखी तीन पेपर तपासले. चौथ्यावर लाल पेन तसंच धरून बसली. मग पेपर बाजूला सारले, चष्मा पुसला आणि टीव्हीसमोर येऊन मांडी घातली.

"ने मला त्या म्हाताऱ्याकडं."

बहिणीने नेलं. म्हातारा तीन ओळी बोलला. आईने त्या वहीत उतरवून घ्यायला लावल्या आणि दुसरीतल्या मुलाचं शुद्धलेखन तपासावं तशी ती वही न्याहाळली.

"अक्षर चांगलं काढलंस," ती म्हणाली. "उद्या परत विचारू."

दुसऱ्या दिवशी म्हातारा त्याच तीन ओळी बोलला. तिसऱ्या दिवशीही. आईने तिन्ही दिवसांचं लिहिलेलं एकाखाली एक ताडून पाहिलं.

"देतोय तो," ती म्हणाली.

"समजा, न्हाई म्हणत असला तर?" वडील म्हणाले.

"पंधरा वर्षं पालकांशी बोलतेय मी. ज्याला न्हाई म्हणायचंय त्याला तिसऱ्यांदा तेच विचारलं की त्याचा आवाज चढतो. ह्याचं एक अक्षर इकडचं तिकडं झालं न्हाई. शांत माणूस हाय. देतोय."

"तो मशीन हाय, बाई."

"तुम्ही गप बसा. ए, उघड ती पेटी. ही एकच. आणि घेतल्यावर तसंच निघून जायचं न्हाई, त्याच्याशी बोलून जायचं."

पेटीतून टुणटुण आवाज झाला. फौजदार वळून म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. या वेळी म्हातारा वेगळंच बोलला. एकच ओळ, तीही आखूड.

"बघा," आई वडिलांना म्हणाली. "बरं म्हणाला."

ती उठून पेपर तपासायला गेली. आम्ही उत्तरेला गेलो. पहारेकरी बाजूला झाले.

फाटकापलीकडे पहिल्याच लढाईत चौघंही मेले आणि खेळ पुन्हा मागच्या गावातून सुरू झाला. तिकडची जनावरं घराएवढी होती. सगळी घरं झाडून घेत आलेल्या खेळाडूकडे इथवर औषधांचा साठा असतो, चांगल्या ढाली असतात. आमच्या वीरांकडे दुकानातल्या चार बाटल्या आणि स्वच्छ चारित्र्य होतं. त्यामुळे पुन्हा फाटकाजवळच्या लहान जनावरांशी लढून, अंगात बळ आणून, मग दहा पावलं पुढे जायचं, मार खायचा, मागे यायचं. इतरांना जिथे एक लढाई पुरते तिथे आम्हाला तीन लागत. पहिल्या दिवशी सव्वीस लढाया झाल्या. दोनशे साठ वेळा गुडघा. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा साठ जास्त.

"कपाटं उघडली असती तर कधीच पुढं गेलो असतो," बहीण घाम पुसत म्हणायची. आईच्या नियमाचा गुडघ्याला फायदा होतोय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण आईला सांगितलं असतं तर तिने ते शाळेत परिपाठाला सांगितलं असतं.

ऐंशी आले. मग ब्याण्णव. ब्याण्णव आले त्या दिवशी बहिणीने कॅलेंडरवर आकडा स्वतः लिहिला आणि मग रोजच मोजायला मागू लागली. मी रविवारशिवाय मोजलं नाही. एकशेपाच. एकशेअठरा. शेवटच्या आठवड्यात लढाई संपल्यावर ती दहाऐवजी पंधरा मोजत होती. माझ्या हातात तेव्हा वायर नव्हती, हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

खेळ पुढे नाताळच्या सुमारास संपला. मोठा राक्षस मेला, चौघं वीर एका टेकडीवर उभे राहिले आणि नावांची लांबलचक यादी वर सरकत गेली. ती आम्हाला वाचता आली नाही. पण ते नंतर. आधी दवाखाना.

दिवाळीला आठ दिवस असताना आई, मी आणि बहीण डॉक्टरांकडे गेलो. टेबलावर पालथं झोपवून त्यांनी पाय मागे दुमडला. बहिणीने टेबलाची कड पकडली होती, पण तिचा आवाज आला नाही. त्यांच्याकडे मापाची स्टीलची पट्टी होती.

"एकशेवीस," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा मोजलं. "रोज दोनशे केले?"

"जास्तच," बहीण म्हणाली.

"कुणी करत नाही."

"मी केले."

"मग भूल नको. माझेही कष्ट वाचले." त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आलो तर वडील जेवायला आलेले होते. आकडा ऐकून त्यांनी मान हलवली आणि पानावरूनच विचारलं, "खुर्ची ठेवू का काढू?"

"काढा," बहीण म्हणाली. मग त्यांचं जेवण व्हायची वाट न बघता स्वतःच लंगडत गेली, खुर्ची ओढून अंगणात आणून ठेवली आणि संडासात जाऊन दार लावून घेतलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून काही आवाज येईना. आई दारापाशी गेली.

"ए, पडलीस का?"

"न्हाई."

"पाय अडकला का?"

"न्हाई."

"मग काय करतेस?"

"काही न्हाई," ती आतून म्हणाली. "बसलेय."

आई क्षणभर दाराकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "वाढ गं. मला दुपारची शाळा हाय."