न बसवलेला घट

आमच्या सासरी एक नियम होता. नवरात्रात घट बसला की तो उठेपर्यंत घरच्या माणसाने बाहेर मुक्काम करायचा नाही. कामाला जा, बाजाराला जा, पण दिवेलागणीला घरात. नाशिकच्या कडेला आमचा मळा, त्यात भाजी आणि झेंडू. ऐन नवरात्रात झेंडूची गाडी मुंबईला जायची, तर सासूबाई भाड्याचा ड्रायव्हर बघायच्या, पोटच्या पोराला पाठवायच्या नाहीत. मलाही माहेरी एक रात्र मिळायची नाही, आणि माहेर कुठे, तर तासाभरावर, पिंपळगाव बसवंतला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हुज्जत घातली. सासूबाई म्हणाल्या, "देवी पाहुणी आली आन् घरचेच गावाला गेले, बरं दिसतं का ते?" मी भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

मी नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे. एम.एस्सी. होऊन तेच ते करण्यात जीव विटला होता. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ला जागा मिळाली, स्कॉलरशिपसकट, तेव्हा आमची पोरगी चार वर्षांची होती. नवरा म्हणाला, "जायचं तर तिघांनी जायचं." स्वतःची नोकरी सोडायलाही तो तयार झाला. फक्त आईला सांगायला त्याची जीभ उचलेना, म्हणून शेवटी मीच सांगितलं.

सासूबाई भाकरी थापत होत्या. "शाळंत पोरीला घालायचं का पोरीच्या आयला?" त्यांनी विचारलं. "लय शिकली ना आता. अजून काय राह्यलं?"

"राहिलंय म्हणूनच जाते ना आई."

"मंग मी इथं झेंडूला राखण बसू?"

सासरे आधीच गेलेले. शेजारी चुलत दिराचं घर, तेवढाच काय तो आधार. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. पुढचे दोन महिने आम्ही दोघी कामापुरतं बोललो. नवऱ्याचं मात्र इकडे आड तिकडे विहीर झालं. आम्ही दोघी एका खोलीत आलो की त्याला विहिरीवरची मोटर बघायची आठवण व्हायची.

व्हिसा रखडला तो रखडलाच. आला तेव्हा तिकडे वर्ग सुरू झाले होते. या महिन्यात हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं विद्यापीठाने कळवलं. मिळेल ते तिकीट घेतलं आणि ते नेमकं पाचव्या माळेचं निघालं. घट बसल्यानंतरचं आणि उठायच्या आधीचं. मी मनाशी ठरवून टाकलं, काही झालं तरी जायचं. सासूबाई काय काय म्हणतील आणि मी काय काय उत्तरं देईन, सगळं पाठ करून ठेवलं होतं. देवी कोणाचं शिक्षण अडवत नाही, हे एक चांगलं वाक्य तयार होतं.

घटस्थापनेच्या सकाळी उठले तर देवघरात काहीच मांडलेलं नाही. पत्रावळ नाही, काळी माती नाही, धान्य नाही. सासूबाई मळ्यात फुलं तोडत होत्या.

"आई, घट?"

"नाय बसवत यंदा."

"का?"

"तुम्हाला जायचं ना? मंग जा." फुलं तोडायचं काही त्यांनी थांबवलं नाही. "बसवला आस्ता तर मी जाऊ दिलं नस्तं."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग भयंकर राग आला. मला भांडायचं होतं. भांडून, रडून, तावातावाने निघायचं होतं. या बाईने तेवढंही ठेवलं नाही. पाचव्या माळेला त्यांनी तिघांच्या हातावर दही घातलं, पोरीचा मुका घेतला आणि बाजाराची पाटी भरायला गेल्या.

तिकडचं काय सांगू. कायम ओली भिंत असलेली एक खोली. मी प्रयोगशाळेत, नवरा एका गोदामात खोकी उचलायला, पोरगी शाळेत गप्प. पुढच्या वर्षी घटस्थापनेला मी फोन केला. "बसवला ना घट?"

"माणसं बाहेर हाये. कसा बसवू?"

"अहो, आम्ही नाही म्हणून देवीला कशाला ताटकळत ठेवायचं?"

"तिला सांगितलंय मी," त्या म्हणाल्या आणि पोरीला फोन द्यायला लावला.

पीएच.डी. झाली की येऊ, असं म्हणत होतो. ती झाली. मग मला तिथेच काम लागलं. मग पोरीची शाळा. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही, मला ते काम हवंच होतं. पण दर वर्षी घटस्थापना आली की नवरा पहाटेच कामाला निघून जायचा आणि फोन मलाच करावा लागायचा. उत्तर तेच यायचं. त्या दिवसांत घरोघरी आमच्या मळ्यातल्या झेंडूच्या माळा चढायच्या आणि आमचं देवघर तसंच.

पोरगी दहा वर्षांची झाली त्या वर्षी तिची ऑक्टोबरातली सुट्टी नवरात्रात आली. आम्ही तिघं गेलो. सासूबाई वाळल्या होत्या, पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर त्यांनी स्वतः सारवलं. सकाळी पोरीला घेऊन बांधावरची काळी माती आणली, चाळली, पत्रावळीवर पसरली. पोरगी शेजारी मांडी घालून बसली होती. मी दारात उभी होते आणि इतक्या वर्षांनी मला मोकळं वाटत होतं.

सासूबाईंनी धान्याची मूठ भरली आणि सहज विचारल्यासारखं माझ्या नवऱ्याला विचारलं, "दसरा करूनच जाशीला ना?"

तो माझ्याकडे बघायला लागला. सुट्टी आठवड्याचीच होती. परतीचं तिकीट सातव्या माळेचं होतं. तिकीट काढताना आम्हा दोघांनाही फक्त यायचा दिवस दिसला होता.

"सातव्या माळेला निघायचंय, आई," तो म्हणाला.

मुठीतलं धान्य त्यांनी परत डब्यात सोडलं, दाणा सांडू न देता. पोरगी म्हणाली, "आजी, पेर ना."

"उगवून यायला वेळ लागतो बाळा," त्या म्हणाल्या, आणि पत्रावळ उचलून माती बांधावर टाकायला गेल्या. परत आल्या त्या पाटी घेऊनच. "चल, फुलं तोडू लाग. बाजाराला उशीर व्हतोय."