बॅग कोणी उचलायची

आयोवातल्या बर्फात गॅरेट हॉफमायर शाळेची बस लीलया मागे घ्यायचा, पण लेकीच्या, ब्रिनच्या, सॉफ्टबॉलपायी त्याची मती गुंग झाली होती. कॉलेजं खेळाडू कसे निवडतात, यात गावातला प्रत्येक बाप तज्ज्ञ. "कोचबाईंसमोर तोंड उघडायचं नाही. पोरीला बोलू दे," एक म्हणाला. "आणि तिची बॅग उचललीस तर संपलंच! लाडावलेली म्हणून लगेच काट मारतात," दुसऱ्याने दम भरला.

बॅग तर चार महिने तोच उचलत होता. ब्रिनचा उजवा खांदा मार्चमध्ये चेंडू टाकताना दुखावला होता आणि ही गोष्ट बापलेक व डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नव्हती. "कॉलेजच्या संघात जागा मिळेपर्यंत गप्प बसायचं, बाबा. शपथ घे," तिने बजावलं होतं. त्याने घेतली. चांगलं केलं की वाईट, ते बिचाऱ्याला अजून कळलं नव्हतं.

निवड चाचणीच्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी सवयीने त्याचा हात बॅगेकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. ब्रिनने बॅग डाव्या खांद्यावर घेतली.

कोच ओल्सनबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "डावखुरी आहेस का गं?"

"नाही. उजव्या हाताने टाकते."

"मग टाक की दहाबारा चेंडू, बघू." त्या गॅरेटकडे वळल्या. "हिचं काही जुनं दुखणं वगैरे?"

बोलावं तर शपथ मोडते, गप्प बसावं तर पोरीचा खांदा जातो. आपण नक्की कोण, बाप की ओझ्याचा हमाल, हेच त्याला समजेना. "ते... तिलाच विचारा," तो पुटपुटला. म्हणताक्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

ब्रिन त्याच्या लालबुंद चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने बॅग काढून त्याच्यापुढे धरली. "बाबा, घे ही." आणि कोचबाईंना म्हणाली, "उजवा खांदा दुखतोय. मार्चपासून."

ओल्सनबाई म्हणाल्या, "बरा झाला की ये. जागा राखून ठेवीन, असं मात्र सांगत नाही."

गाडीत बसल्यावर गॅरेटने विचारलं, "माझं चुकलं का गं?"

"माहीत नाही, बाबा." तिचे डोळे भरले होते. "बॅग तरी काढ आता."

स्टिअरिंगमागे अवघडून बसला होता तो, बॅग अजून खांद्यालाच.