तीन महिने टिकणारे बुडबुडे

आमच्या ताईचं आयुष्य बुडबुड्यांनी खाल्लं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

प्रयोगशाळेत नोकरी आणि तिथेच पीएचडी. विषय काय, तर पाण्यातले हवेचे बुडबुडे, तेही डोळ्यांना न दिसणारे. बुडबुडा जितका लहान तितका आतला दाब जास्त, म्हणून एवढासा बुडबुडा क्षणात विरघळायला हवा. ताईचे मात्र तीन-तीन महिने टिकत होते. लेसरच्या यंत्रात पडद्यावर त्यांचे ठिपके दिसायचे, ती ते मोजायची. "त्यांच्या अंगावर विद्युतभार असतो रे, तोच त्यांना जगवतो." मी म्हणायचो, "मग लग्नही त्यांच्याशीच लाव!" हसायची बिचारी.

माझं औषधांचं दुकान. ओतताना बुडबुडे फुटू नयेत म्हणून ते पाणी ती सिरिंजने हलकेच यंत्रात सोडायची. काचेची सिरिंज मागायला आली होती. मी शहाणा! "काचेची फुटते गं, प्लॅस्टिकच्या घेऊन जा." सात वर्षं नेल्या तिने.

मग परीक्षकांनी प्रबंध अडवला. म्हणाले, पंपाने पाण्यातली हवा काढून दाखवा. बुडबुडे असतील तर नाहीसे होतील, आणि तरच पदवी. पंप जड, म्हणून उचलायला मी गेलो.

हवा काढली. ठिपक्यांचा आकडा तोच. दोन तास पंप चालवला, आकडा ढिम्म हलेना. तुलनेचं, बुडबुडे नसलेलं साधं पाणी ताई नेहमी बाटलीतून थेट ओतायची आणि ते कोरं निघायचं. आज पहिल्यांदाच तिने ते सिरिंजने सोडलं. पडद्यावर तेच ठिपके, मेले नाचत होते.

तिने सिरिंज उघडली, रबरी दट्ट्यावर बोट फिरवलं.

"तेल," ती म्हणाली. "मी तेलाचे थेंब मोजत होते."

दट्ट्या सहज सरकावा म्हणून आतून तेल लावलेलं असतं. मला ठाऊक होतं. माझ्या धंद्यात कुणालाही ठाऊक असतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू कधी विचारलंच नाहीस, ताई."

देवा, काय बोलून गेलो मी! तिच्या धक्क्याने सिरिंजचं खोकं टेबलावरून पडलं; ती फरशीवर बसली आणि सांडलेल्या सिरिंज एकेक करून माझ्या दुकानाच्या त्या खोक्यात परत भरायला लागली.