लाल सायकल

कारेगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा तो माणूस कंपनीतून शिफ्ट संपवून आला की थेट जिन्याखाली बसायचा. बायकोला कामावर जायला म्हणून त्याने एक जुनी लोखंडी सायकल आणली होती आणि तिच्या दांड्यांवर तो लाल व्हिनाइलचा कागद चिकटवत होता. त्यासाठी माझा हेअर ड्रायर कायम त्याच्याकडे. गरम हवा मारायची, कागद ताणायचा, अंगठ्याने दाबत न्यायचा. कुठंतरी हवेचा बारीक फुगा राहायचाच. मग सगळं सोलून पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, कुणाला दिसणार आहे तो फुगा?" मी वैतागून विचारायची.

"मला दिसतोय ना, वहिनी," तो मान वर न करता म्हणायचा. "काम म्हंजी काम."

तोवर बायको भर उन्हात कंपनीपर्यंत पायपीट करत होती.

एका सकाळी ती डबा घेऊन बाहेर आली. पुढचा दांडा अजून उघडाच होता. तिने सायकल त्याच्या हातातून ओढून घेतली आणि टांग मारून निघालीसुद्धा.

"अगं थांब! दांडा राहिलाय!"

"ऱ्हाऊ द्या!" तिने वळूनही पाहिलं नाही.

तो तिच्यामागे रस्त्यापर्यंत पळाला. आता हा चिडणार, असं मला वाटलं. टेम्पो आणि ट्रकांमधून सफाईने वाट काढत ती वळणाआड गेली, तरी तो तिथंच उभा होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हिला सायकल एवढी भारी चालवता येती व्हय?"