पाहुण्यांसाठी भरलेले माठ

“तुले कोनं सांगतलं होतं माठ भरून ठेवायले?” शेजारचा पोरगा आपल्या म्हाताऱ्या मायवर ओरडत होता, आणि असा ओरडत होता की शेलूबाजारच्या हायवेवरचे ट्रक थांबले असतील. नव्या माठाचा ओला वास आला की अजून तोच आवाज माझ्या कानात घुसतो. आदल्या उन्हाळ्यात दिल्लीहून अभ्यासाची मंडळी आली होती. बजेटातला पाण्याचा पैसा आता पुढाऱ्यांच्या मर्जीनं नाही, पाहणी करून वाटणार, असं ते सांगत होते. तेव्हा आमच्या विहिरीत एवढंच पाणी होतं की बेडकंही नंबर लावून आंघोळ करत. पण पाहुणे येणार म्हणून अख्ख्या वस्तीनं घरातला थेंबन् थेंब म्हातारीच्या ओसरीवरच्या माठांत आणून ओतला. “पाणी पुरतं का, आजी?” एका मॅडमनं विचारलं. “पान्याले काय तोटा, बाई? प्या पोटभर!” पाहुण्यांनी काठोकाठ माठांचे फोटो काढले, गार पाणी प्यायले आणि गेले. पाहणीच्या कागदावर आमच्या वस्तीत भरपूर पाणी असल्याचं लागलं, नि नळाचा पैसा शेजारच्या गावाला गेला. पुढच्या उन्हाळ्यात म्हातारीची सून तळाचं पाणी खरवडायला विहिरीत उतरली, पाय घसरला, वर काढली ती मेलेलीच. तिला जाळून आल्यावर पोरगा ओरडत होता. म्हातारीनं रिकाम्या माठावर झाकण ठेवलं नि म्हणाली, “पाहुने उनातून आले होते.”