पौर्णिमेची गोळी

मी पडले त्याचा मला राग नव्हता. पडल्यावर लोक जे बोलतात ना, त्याचा राग यायचा. "या वयात असं व्हायचंच." अहो, कोणत्या वयात? इस्लापूरकडच्या शाळांमध्ये मास्तरकी केली मी, ओढ्यानाल्यातून चालत जाऊन. नवरा गेल्यापासून नांदेडच्या घरात एकटी राहते आणि मजेत राहते. सकाळी फिरणं, दोन भाकरी, पेपर, दुपारची झोप, संध्याकाळी बुद्धविहार. बीपी आहे, शुगर आहे, पण गोळ्या घड्याळ बघून घेते. शिस्तीत माझा हात कुणी धरू शकत नाही.

तर मला चक्कर यायला लागली. रोज नाही. दिवसच्या दिवस चांगले जायचे आणि मग एखाद्या संध्याकाळी दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढं अंधार. एकदा विहाराच्या पायरीवर बसले ती उठताच येईना. एकदा घरात आडवी झाले. तिसऱ्यांदा दारातच कोसळले. शेजारच्या भाभीनं पाहिलं. तिची माझी भिंत एक, तिच्या कुकरची शिट्टी मी मोजते आणि माझ्या खोकल्यावर तिचं लक्ष असतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, "आपा, मुँह खोलो," म्हणत गोडमिट्ट चहा पाजला आणि मग माझ्या मुलाला फोन लावला. दवाखान्यात पोचेपर्यंत मी चांगली तरतरीत झाले होते. शुगर तपासली, ठीक निघाली. डोक्याचा फोटो झाला, मानेचा झाला, कान तपासले. कुणाला काही सापडलं नाही.

मुलगा लातूरला कॉलेजात शिकवतो. तो तडक निघून आला.

"आई, बस झालं. घराला कुलूप लाव अन् चल."

"कायमचं?"

"कायमचं. आणि ते विहाराचंही बंद. पौर्णिमेला दिवसभर तिथं राबतेस अन् मग पडतेस. तूच आठव, तिन्ही वेळा पौर्णिमा होती का नव्हती?"

होती. पौर्णिमेला आम्ही काही बाया पांढरी साडी नेसून विहारात जमतो, झाडलोट करतो, अष्टशील घेतो. म्हणजे त्या दिवसापुरते आठ नियम; त्यातला एक, दुपारी बाराच्या आत जेवायचं, त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. पाणी चालतं. मला तो दिवस लई आवडतो. पोट हलकं, डोकं शांत. संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि वाचायला मलाच बसवतात, कारण माझा आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो. पण दगदग होत असेल, नाही कशाला म्हणू? मुलानं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. घर माझं अन् किल्ली याच्या खिशात! लातूरच्या वाटेवर लोहा गाव येईस्तोवर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

लातूरला माझे हाल झाले असं म्हटलं तर जीभ झडेल माझी. सून गुणाची आहे. पण मला चमचा उचलू द्यायची नाही. चहा हातात, ताट हातात, बाथरूमला गेले तर दाराबाहेर उभी. शेजारणी माझ्यादेखत तिला विचारायच्या, "आता बऱ्या हायत का आजी?" अगं, मी इथंच बसलेय की, मला विचार ना!

आणि बघा, पडले नाही. दिवस मागून दिवस गेले, चक्कर म्हणून नाही. मुलगा खूश. "आराम पाहिजे होता तुला, म्हटलं नव्हतं?" मी मनात म्हटलं, संपलं, आता काही नांदेड दिसत नाही आपल्याला. रात्री उशीवर डोकं टेकलं की रडू यायचं. हे कुणाला सांगितलं नाही.

मग पौर्णिमा आली. पोरानं विहार बंद केला होता, माझं शील थोडंच बंद केलं होतं? घरातच बुद्धमूर्तीपुढं बसून अष्टशील घेतलं, बाराच्या आत पोटभर जेवले. दिवसभर काडी इकडची तिकडं केली नाही. संध्याकाळी नेहमीसारखी गोळी घेतली आणि वंदनेला बसले. वंदना अर्ध्यावर आली अन् घाम फुटला. तोच घाम, तेच थरथरणं. सून धावत आली. तिच्या वडलांमुळं बोट टोचून साखर बघायचं मशीन तिच्याकडं असतंच. तिनं बोट टोचलं आणि ओरडली, "आई, शुगर पार खाली गेली!"

वाटीत साखर घेऊन आली. मी मान हलवली. बारा कधीच टळून गेले होते.

"आई, तोंड उघडा ना," म्हणत ती रडायलाच लागली. तशी ती रडणाऱ्यातली नाही. म्हटलं, शीलाचं मागून बघू, आधी ही पोर गप्प झाली पाहिजे. तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मला म्हाताऱ्या माणसांना बघणाऱ्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेले. माझ्या धाकट्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान असेल.

"आजी, काय होतंय?"

"आजी नको, बाई म्हणा," मी म्हटलं.

ती हसली. "बरं बाई, काल सकाळपासून पोटात काय काय गेलं ते सांगा."

आजवर सगळे रोजचं खाणं विचारायचे आणि मी रोजचं सांगायचे. काल काय खाल्लं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं.

"रात्री जेवला नाहीत?"

"शील घेतल्यावर कसं जेवणार?"

"आणि संध्याकाळची गोळी?"

"घेतली की! गोळी मी कधीच चुकवत नसते." चांगली ताठ बसून सांगितलं मी.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघतच राहिली. मुलानं कपाळावर हात मारून घेतला. चार महिन्यांपूर्वी साखर वाढली म्हणून संध्याकाळची ती गोळी सुरू झाली होती, रात्रीच्या जेवणानं चढणारी साखर उतरवायला. जेवणच नाही, मग ती अंगातली होती तेवढी साखर खाली ओढायची. आणि भाभीच्या त्या गोड चहानं मला वाचवलं खरं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत दुखणंही झाकून टाकलं.

आता ही अष्टशील बंद करायला सांगणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत बसले. तर तिनं विचारलं, "हे सोडायचं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग नका सोडू. आपण गोळी बदलू. आणि पौर्णिमेला कुठली घ्यायची, कुठली नाही, ते मी ठरवून देते. पण घाम सुटला तर किती वाजले ते बघायचं नाही, साखर तोंडात टाकायची."

"आजाऱ्याला औषध म्हणून चालतं ते," मी म्हटलं.

मग तिनं मला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं, खोलीत चालायला लावलं. "पाय चांगले आहेत बाई तुमचे. चालत राहा." मी मुलाकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी आल्यावर मी हात पुढं केला. "किल्ली."

"राहा की आई इथंच. आता काय घाई?" आणि मग किल्ली मुठीत दाबून म्हणाला, "भाभींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तू गेलीस. नांदेडपर्यंत गाडी कशी आणली, माझं मला ठाऊक."

"अरे, भीती मलाही वाटायची. पण आता कशानं पडत होते ते कळलंय ना? कळूनसुद्धा बसवून ठेवलंस, तर मी बसल्याजागी संपेन रे."

सूनच म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. मशीन देते मी सोबत."

रविवारी त्यानं मला नांदेडला आणलं. कुलूप काढलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली. घरभर धूळ. भाभीकडून ज्वारीचं पीठ मागून आणलं, तवा घासला आणि भाकरी थापायला लागले. मुलगा दारात उभा राहून बघत होता. भाकरी उलटताना बोट भाजलं, मी हात झटकला. तो चटकन पुढं आला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तसाच मागं सरला, खाली बसला, ताट पुढं ओढलं आणि म्हणाला, "आई, अजून एक टाक."