पाच अक्षरं, शेवट एच

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशाच्या बाह्या कापत होते. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही, असं त्याच्या शेजारणीनं सांगितलं. मी कात्री खाली ठेवली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, मग आता तो शब्द कोण सांगणार? सख्खा भाऊ गेल्यावर माणसाला असलं काही सुचतं का, हे मला अजून कळलेलं नाही. महिना उलटून गेला, तरी शब्दही कळलेला नाही.

अण्णाचं आमच्या गावातल्या नवी पेठेत कापडाचं दुकान होतं. वडील आजारी पडले म्हणून तो मॅट्रिकनंतर गल्ल्यावर बसला, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की डिक्शनरी उघडून इंग्रजी वाचायचा. त्यातून त्याचा खेळ निघाला. अक्षरं किती ते सांगायचं, शेवटचं अक्षर सांगायचं, आणि समोरच्यानं शब्द ओळखायचा, अर्थासकट. माप सांगितल्याशिवाय कापड मागणारं गिऱ्हाईक दिवसभर बसून राहतं, म्हणून आधी माप, असं त्याचं म्हणणं. अर्थ मात्र डिक्शनरीतला चालायचा नाही. पाच अक्षरं, शेवट वाय, असं त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, एम्प्टी, म्हणजे रिकामं. "कुठं बघितलंस ते सांग की," म्हणाला. मी म्हटलं, दुपारचं तुझं दुकान. त्यावर तो इतका हसला की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. मी शर्ट, स्कर्ट असले शब्द काढले की वैतागायचा, तुझा धंदा तुझ्या दुकानात ठेव म्हणायचा. विमा एजंट, दवाखान्यातले डॉक्टर, लग्नाची पत्रिका द्यायला आलेली माणसं, कुणी त्यातून सुटलं नाही. पण त्याचा एक नियम सगळ्यांना चिडवायचा. त्याच्या मनात एक ठरलेला शब्द असायचा. आपला शब्द बरोबर असला तरी तो म्हणायचा, हा पण चालतोय, पण माझा वेगळा आहे. आणि तो वेगळा शब्द तो त्या दिवशी कधीच सांगायचा नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा सांगतो… एवढंच.

शेवटची भेट तो जायच्या आधीच्या रविवारी झाली. मी त्यांच्या मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणलं होतं, ते देऊन निघाले, पायात चप्पल घातली, तेवढ्यात तो म्हणाला, "शोभे, पाच अक्षरं, शेवट एच." मी म्हटलं, ब्रश, म्हणजे तो तुझा दाढीचा, पिंजारलेला, टाकून दे म्हणून वैनी किती दिवस सांगतायत. हा नाही म्हणाला. मग क्लॉथ म्हटलं, तर म्हणाला, तो तुला कशाला विचारीन? मी पायऱ्या उतरल्यावर वरून ओरडला, सावकाश विचार कर, सोपा आहे. चेहरा नेहमीसारखा होता. हातात अर्धी सोललेली मोसंबी होती. त्याला काही होत होतं का, त्याला काही कळलं होतं का… मी बराच विचार केला. काही हाती लागत नाही.

सगळं कार्य उरकल्यावर अण्णाचा मुलगा महेश वैनींना पुण्याला आपल्याकडं न्यायचं म्हणाला. एकट्या बाईनं त्या घरात राहण्यात काही अर्थ नाही, असं माझंही मत होतं. बॅग मीच भरली. महेश रजा संपली म्हणून पुढं गेला, मी वैनींना गाडीत बसवून देणार होते. निघायच्या सकाळी वैनी बॅगेशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, त्यांचा शब्द कळल्याबिगर मी निघत न्हाई." वैनी दुधनी गावच्या, कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, खेळात कधी पडल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की गेला त्या दुपारी अण्णा जेवताना आपल्याशीच हसत होता. शोभीला काय तो यायचा नाही, म्हणाला. मला तरी सांगा, म्हणून वैनींनी धरलं, तर तिच्याबरोबर तुला पण कळेल म्हणाला आणि आडवा झाला.

मग मी बसले शब्द सांगत. मंथ म्हणजे महिना. टूथ म्हणजे दात. वैनी म्हणाल्या, त्यांचे दात होते कुटं? लाफ म्हणजे हसणं. त्यांनी नाही अशी मान हलवली. गाडीची वेळ होत आली होती. मी मनाशी ठरवलेलाच शब्द बाहेर काढला, फेथ, म्हणजे विश्वास, हाच असणार म्हटलं. वैनींनी माझ्याकडं बघितलं. "तुमी उरकताय की," म्हणाल्या. मग त्यांनीच हळू विचारलं,

"मरणाला काय म्हणतात?"

"डेथ."

"अक्षरं?"

"पाच."

"शेवटी?"

मी एच म्हटलं. त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं. मी घाईनं म्हटलं, वैनी, बर्थ म्हणजे जन्म, त्यालाही पाचच, शेवट एचच.

"मग कुठला?"

"मला नाही माहीत."

वैनी उठल्या आणि बॅगेतली लुगडी काढून परत कपाटात लावायला लागल्या. मी अडवलं नाही. एरवी मी अडवलं असतं.

महेशला फोन केला. त्या येत नाहीत म्हटलं, कारण सांगितलं, आणि तो चिडेल म्हणून तयारीत राहिले. तो चिडला नाही. म्हणाला, "आत्या, पोर्च बघितलास का?"

"घराला पोर्च आहे कुठं?"

"नाही ना… मग बीच? बाबा मला म्हणाले होते, एकदा समुद्र दाखव. मी अजून नेलंच नव्हतं."

मी वैनींना विचारलं, अण्णा कधी समुद्राचं बोलायचा का. त्या लुगडं हातात धरून उभ्या राहिल्या. "समुद्र? ते तर हौदातल्या पाण्याला भ्यायचे की." मग जवळ आल्या, माझ्या हातातला फोन घेतला, आणि तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "महेशा, पुढचा सांग."